जुन्या सेसनाच्या योकवर पीटीटी बसवताना

बटण दाबलं की आपलं बोलणं टॉवरला जातं, सोडलं की टॉवरचं आपल्याला ऐकू येतं. पीटीटी, म्हणजे पुश-टू-टॉक, एवढंच. इंदूरच्या विमानतळावर एका हँगरमध्ये मी विमानांच्या वायरिंगचं आणि रेडिओचं काम बघतो. बिघडलेलं पीटीटी बदलणं हे आमचं नेहमीचं काम. पण ज्या विमानाच्या योकवर, म्हणजे वैमानिक हातात धरतो त्या चाकावर, ते बटण मुळात नव्हतंच, तिथे दोन्ही बाजूंना नव्याने बसवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्यावर खूप विचार केला. तो इथे लिहून ठेवतो आहे, कारण वायर कशी जोडायची हे पुस्तकात असतं, ती कुठून न्यायची हे मात्र प्रत्येक जुन्या विमानात नव्याने ठरवावं लागतं.

विमान सेसना १७२, १९६० च्या दशकातलं. १९६८ च्या मॉडेलपासून या विमानाला लायकमिंग इंजिन आलं. हे त्याच्या आधीचं, त्यामुळे नाकात सहा सिलिंडरचं, १४५ अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल ओ-३००. त्याचा आवाज मला फार आवडतो. मालक रामबागेतले, वयाने वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काकाच म्हणतो. विमान पुसायचं असलं तरी ते फडकं दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

त्या काळच्या लहान विमानांत बोलायला हँड माइक असायचा, पॅनेलवरच्या हुकाला अडकवलेला, आणि ऐकायला छतात स्पीकर. काकांच्या विमानात पुढे कधीतरी हेडसेटचे जॅक आणि इंटरकॉम (आत बसलेल्यांचे हेडसेट एकमेकांशी आणि रेडिओशी जोडणारी पेटी) बसला होता. पीटीटी मात्र वेल्क्रोच्या पट्टीने योकला गुंडाळायचं, सुटं. त्याची वायर मांडीवरून जॅकपर्यंत लोंबायची. पूर्ण डावीकडे योक फिरवला की ती कार्ब हीटच्या, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणाऱ्या, नॉबला लागायची. काका म्हणाले, "अरे, फायनलवर एक हात योकवर, एक थ्रॉटलवर. ही वायर सोडवायला तिसरा हात आणू कुठून?" हे अगदी खरं. फायनल म्हणजे उतरण्याआधीचा धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा, आणि थ्रॉटल म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करायचा नॉब. इंदूरला आता दिवसभर प्रवासी जेट येत-जात असतात. त्यांच्या मधल्या फटीत लहान विमानाला बसवून घेतात, आणि टॉवरने विचारलं की उत्तर लगेच द्यावं लागतं.

काम तसं सोपं दिसतं. हेडसेटच्या माइकचा जो बारीक प्लग असतो, त्याला तीन भाग. टोक पीटीटीचं, मधलं कडं माइकच्या आवाजाचं, मागची दांडी ग्राउंडची. टोकाची लाइन ग्राउंडला टेकली की ट्रान्समीटर सुरू होतो. म्हणजे योकवरच्या बटणाने काय करायचं, तर ती एक लाइन ग्राउंडला टेकवायची. आवाज हेडसेटच्या वायरीतून जातोच आहे, योकमधून तो न्यायचा नाही. दोन वायरी, एक बटण.

अडचण याच सोपेपणात आहे. विमानाचा सगळा धातूचा सांगाडा हाच ग्राउंड. योकची नळी, पॅनेल, पॅनेलमागचे ब्रॅकेट, सगळं. बटणाची वायर तुटली तर फार बिघडत नाही, बोलणं जाणार नाही, हँड माइक उचलायचा. पण वायर घासून तिचं आवरण गेलं आणि तांबं कुठेही धातूला टेकलं, की कुणीही बटण न दाबता ट्रान्समीटर चालू. वैमानिकाला ते कळतही नाही, कारण बोलणं चालू असताना त्याच रेडिओवर ऐकणं बंद असतं. त्याला वाटतं, फ्रिक्वेन्सीवर आज शांतता आहे. इकडे टॉवर आणि बाकीची सगळी विमानं मुकी झालेली. काही नवे रेडिओ साधारण अर्ध्या मिनिटाने स्वतःहून ट्रान्समिशन तोडतात. या विमानातल्या रेडिओत ती सोय नव्हती.

विमानांचा व्हीएचएफ रेडिओ, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला, एएम पद्धतीचा असतो. एकाच वेळी दोघे बोलले तर ऐकणाऱ्याला बहुतेकदा नुसती शिट्टी ऐकू येते. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या विमानतळावर टॉवर आणि पॅन ॲमचं विमान एकाच क्षणी बोलले, आणि उड्डाणासाठी धावू लागलेल्या केएलएमच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये त्या जागी कर्कश आवाज गेला. धावपट्टीवर अजून एक विमान आहे, हे त्यातच हरवलं. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. तिथे कुणाचं बटण अडकलं नव्हतं, कारणंही अनेक होती. पण फ्रिक्वेन्सीवरचे दोन-तीन सेकंद अडले तर काय होऊ शकतं, हे त्या दिवसापासून आमच्या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून मी हे काम वायर घासणार कशी नाही, याचं काम म्हणून हातात घेतलं.

आधी कागद. जेल रोडवर हवं तसं पुश बटण चुटकीसरशी मिळतं, आणि आमच्या हेल्परने ते सुचवलंही, "भिया, वहीं से ले आते हैं." विमानात तसं चालत नाही. भाग कुठून आला, कुणी प्रमाणित केला, याचा कागद त्याच्याबरोबर यावा लागतो. शिवाय हा विमानाच्या मूळ रचनेतला बदल. किरकोळ असला तरी सीएआर-२१ या विमान वाहतूक नियमाखाली त्याची मंजुरी लागते. आकृती, वायरिंगचा नकाशा, वजनातला फरक, बसवल्यावर कोणत्या चाचण्या करणार, हे सगळं लिहून दिलं. यात वेळ गेला. काका अधूनमधून फोन करायचे आणि मी सांगायचो, "काका, अजून थोडं थांबा." आकृती काढायला बसलो म्हणून निम्मे प्रश्न कागदावरच सुटले, हेही खरं.

पहिला प्रश्न, योकच्या नळीला भोक पाडायचं का. नळीतून वायर नेली की दिसायला छान, कुठे काही लोंबत नाही. मी नको म्हटलं. ती नळी म्हणजे नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि विमान डावी-उजवीकडे झुकवणारे एलेरॉन यांचा थेट दुवा. भोकाची कड हीच वायर घासायची पहिली जागा, आणि आत काय चाललंय ते नंतर कुणाला दिसत नाही. त्यापेक्षा बटणाची लहान डबी योकच्या शिंगाला, म्हणजे हाताने धरायच्या बाजूच्या दांडीला, क्लॅम्पने बसवायची आणि वायर बाहेरूनच न्यायची, डोळ्यांसमोर.

डबी कोणत्या शिंगाला, हा दुसरा. डावीकडचा वैमानिक डाव्या हाताने योक धरतो, उजवा थ्रॉटलवर. उजवीकडे बसणाऱ्या इन्स्ट्रक्टरचं याच्या उलट. म्हणून डाव्या योकला डाव्या शिंगावर आणि उजव्या योकला उजव्या शिंगावर. दोन्हीकडे डावीकडे बसवून मोकळे झालेले मी पाहिले आहेत. मग इन्स्ट्रक्टरला बोलायला थ्रॉटल सोडावा लागतो, म्हणजे मूळ तक्रार तिथल्या तिथेच. काकांना सीटवर बसवलं, डोळे मिटून योक धरायला सांगितला, आणि तर्जनी जिथे आपोआप टेकली तिथे पेन्सिलने खूण केली.

वायरीसाठी वळ्यांची केबल घेतली, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी. तिचं एक टोक योकच्या मध्यभागी, मागच्या बाजूला, छोट्या क्लिपने पक्कं केलं. योक फिरतो तेव्हा शिंगाचं टोक मोठा फेरा मारतं, मधला भाग जागच्या जागी फिरतो. केबल मध्यातून निघाली की तिला ओढ बसते ती फक्त योक पुढे-मागे होण्याची. दुसरं टोक पॅनेलच्या खालच्या कडेला. इथे एक गोष्ट सेसनाचीच. पार्किंगमध्ये कंट्रोल लॉकची पिन डाव्या योकच्या नळीतून आरपार जाते. केबल त्या भोकाच्या आड येता कामा नये, आणि लॉक लावताना-काढताना त्यात अडकताही कामा नये. म्हणून पॅनेलवरची जागा मी लॉक लावून आणि लॉकशिवाय, दोन्ही तऱ्हेने बघून ठरवली.

केबलमध्ये दोन स्वतंत्र आवरणाच्या वायरी ठेवल्या. काहीजण एक कोअर आणि बाहेरची जाळी वापरतात, जाळी म्हणजे ग्राउंड. माइकच्या आवाजाला जाळी हवीच, पण पीटीटीला तिचा काही उपयोग नाही. उलट केबल कुठे चेपली की कोअर जाळीला टेकणार, आणि ट्रान्समीटर चालू. बटणाशी सोल्डर केलेल्या जागेला पुढे आधार दिला, कारण सोल्डर तारांमध्ये थोडं वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि कडक भागाच्या लगेच पुढे वाकून वाकून तुटते. पॅनेलमागे दोन्ही लाइनी आपापल्या बाजूच्या माइक जॅकच्या टोकाला जोडल्या, डावी डाव्याला, उजवी उजव्याला. त्या एकत्र बांधल्या तर कुणीही बटण दाबलं तरी दोन्ही माइक हवेत जातील. कुणाचं बटण दाबलंय ते ओळखून तेवढाच माइक रेडिओला देणं हे इंटरकॉमचं काम, ते त्याला करू द्यावं. जॅक जुनेच होते. त्यांच्या फायबरच्या वॉशरी मात्र नव्या घातल्या, म्हणजे जॅक पॅनेलला टेकून हेडसेटमध्ये चार्जिंगची घुरघुर यायला नको.

आता या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी चाचणी. रेडिओ बंद. मल्टीमीटर बझरवर, म्हणजे दोन टोकं विजेने जोडली गेली की तो वाजतो; एक टोक पीटीटीच्या लाइनला, एक सांगाड्याला. बटण न दाबता हेल्परला योक पूर्ण मागे घ्यायला सांगितला, मग पूर्ण पुढे, मग प्रत्येक ठिकाणी पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. बझर गप्प राहायला हवा. एकदा जरी चुकचुकला तर कुठेतरी वायर टेकते आहे. मग बटण टेपने दाबून ठेवलं आणि त्याच सगळ्या हालचाली पुन्हा. आता बझर अखंड वाजायला हवा. मध्ये क्षणभर तुटला तर आत वायर ओढली जाते आहे. पहिली चाचणी अडकलेलं ट्रान्समिशन पकडते, दुसरी तुटणारी वायर. दोन्ही योकवर हे केलं, सीट पुढे सरकवून, गुडघे केबलला लागतील असे बसवून. हेल्पर कंटाळला असेल, पण त्याने एकही कोपरा सोडला नाही. शेवटी टेप काढली, आणि काढली हे त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं.

योकच्या आसपास हात लागला म्हणजे कंट्रोलची दुबार तपासणी आलीच. आमचे मेकॅनिकल बाजूचे सर वेगळे आले, माझं काही न ऐकता त्यांनी स्वतः योक फिरवून बघितला, टॉर्च लावून केबलचा प्रत्येक वळसा पाहिला. त्यांनी उजव्या केबलची क्लिप किंचित वर घ्यायला लावली, त्यांच्या गुडघ्याला ती लागत होती. त्यांची उंची माझ्यापेक्षा जास्त, हाही उपयोगच.

मग रेडिओ चालू करून टॉवरकडे रेडिओ चेक मागितला. डावीकडून, उजवीकडून आणि शेवटी हँड माइकवरून. तिन्ही वेळा "रीडेबिलिटी फाइव्ह", म्हणजे आवाज अगदी स्पष्ट. ट्रान्समिट करताना होकायंत्राकडेही बघून घेतलं, ते जागचं हललं नाही. नंतर काकांनी इन्स्ट्रक्टरांबरोबर विमानतळाभोवती सर्किट मारली. उतरल्यावर इन्स्ट्रक्टर म्हणाले की फायनलवर त्यांचा डावा हात पहिल्यांदाच थ्रॉटलवरून निघाला नाही. काकांनी सुटं वेल्क्रोवालं पीटीटी फेकायला काढलं होतं, ते मी फेकू दिलं नाही. ते जॅकमध्ये लावलं की त्याच टोकाच्या लाइनवर चालतं, तेव्हा सीटमागच्या पिशवीत राखीव म्हणून राहू दे म्हटलं.

लॉगबुकात नोंद झाली, वायरिंगचा नवा नकाशा विमानाच्या कागदांत लागला. बझरची ती चाचणी मी या विमानाच्या ठरावीक तपासणीच्या यादीत घालून घेतली आहे, दोन्ही बाजूंची वेगवेगळी सही लागेल अशी.