फक्त टीन रेटिंगपर्यंत म्हणे!

फॅनफिक, म्हणजे आवडत्या सिरीज-पुस्तकांतल्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी, त्यांचे अवॉर्ड्स कुठलेही असोत, मी नॉमिनेशनची लिस्ट नंतर बघते, आधी नियम वाचते. खोडच आहे म्हणा. आणि नियमांत दोन वाक्यं हमखास सापडतात, बऱ्याचदा एकाखाली एक. पहिलं, आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे, कुठलंही फॅन्डम (म्हणजे कुठल्याही सिरीज-पुस्तकाचे चाहते), कुठलंही शिप (म्हणजे पात्रांची कुठलीही जोडी), कुठलीही आयडेंटिटी. दुसरं, एंट्री फक्त टीन रेटिंगपर्यंतच, म्हणजे किशोरवयीन मुलांना चालतील अशाच. झालं. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिलेली असतात आणि त्याला त्यात काही म्हणजे काही खटकलेलं नसतं.

आधीच सांगते, मी एक्सप्लिसिट, म्हणजे उघड लैंगिक वर्णनाच्या, फिकची वकिली करायला बसलेली नाहीये. मी स्वतः लिहिते ते बहुतेक टीनमध्येच बसतं, त्यामुळे या नियमाने माझं वैयक्तिक काही जात नाही. पण या नियमामुळे दाराबाहेर नक्की कोण राहतं ते एकदा नीट बघा, कारण सगळ्यांना वाटतं की फक्त बेडरूम सीनवालेच राहत असतील आणि तसं अजिबात नसतं.

मुळात रेटिंग देतं कोण? लेखक स्वतः. एओथ्रीवर, म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनफिकच्या साइटवर, पाच पर्याय आहेत, जनरल, टीन अँड अप, मॅच्युअर, एक्सप्लिसिट आणि नॉट रेटेड, आणि त्यातला एक लेखकाने आपल्या मनाने निवडायचा. मोजपट्टी कुठेच नाही. मग ज्या मुलीने सेल्फ-हार्ममधून बाहेर येणाऱ्या कॅरेक्टरवर लिहिलंय, जिच्या गोष्टीत अंगावरचा एक कपडाही निघत नाही, ती विचार करते की हे कोणाला त्रासाचं होईल, बिनधास्त वाचू नये कोणी, आणि मॅच्युअर टाकते. गर्भपात, घरातली मारहाण, ट्रान्स माणसाचं स्वतःच्या शरीराशी चाललेलं भांडण, युद्धावरून परत आलेल्याची रात्रीची झोप, या सगळ्यावर जे जपून लिहितात ते जपूनच रेटिंग देतात. आणि अवॉर्डच्या नियमात पहिले तेच बाद होतात. ज्याने काही विचार न करता टीन ठोकलं तो आत. म्हणजे वाचकाची काळजी घेणाऱ्याला शिक्षा आणि बेफिकीर माणसाला प्रवेश, असा हा उफराटा न्याय आहे. वर आणखी गंमत म्हणजे नॉमिनेशन बंद व्हायच्या आदल्या दिवशी लोक गुपचूप जाऊन मॅच्युअरचं टीन करून येतात, मी हे डोळ्यांनी पाहिलंय, मग ज्या वाचकाच्या भल्यासाठी नियम केला त्याच्यासमोर आता चुकीचं लेबल. कमाल आहे ना.

एका छोट्या ऑनलाइन अवॉर्डसाठी मी स्क्रीनिंगचं काम केलं होतं. स्क्रीनिंग म्हणजे काय तर एक शेअर्ड शीट, एका कॉलममध्ये लिंक, दुसऱ्यात रेटिंग, तिसऱ्यात आपला शेरा. त्यात दोन एंट्री एकाखाली एक होत्या. एकीत दोन म्हाताऱ्या बायका, आयुष्यभर एकत्र राहिलेल्या, एक आजारी आहे आणि दुसरी तिचे केस विंचरतेय, गुंता हळूहळू सोडवत, दुखणार नाही असं, आणि शेवटी तिच्या कपाळावर ओठ टेकवते. बस्स, एवढंच. रेटिंग जनरल. शेऱ्यात कोणीतरी लिहिलेलं, थीम मॅच्युअर वाटते, रेटिंग चेक करा. खालच्या एंट्रीत एका कैद्याची चौकशी, नखं उपटण्याचं वर्णन, तेही घाईने नाही, एकेक बोट घेत. रेटिंग टीन. शेरा काय, तर दमदार लिखाण!

शेरा लिहिणारी व्यक्ती वाईट होती असं नाही, उलट चांगलीच होती, तिने मनापासून लिहिलेलं. आणि ही सवय आजची नाही. हॉलिवूडच्या हेज कोडमध्ये, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं नाही याच्या नियमावलीत, समलैंगिकतेची नुसती सूचना देणंही बंद होतं, १९३४ पासून तो कडकपणे लागू झाला, १९६८ मध्ये तो जाऊन रेटिंग सिस्टिम आली. कोड गेला पण हिशोब डोक्यात राहिला की दोन बायका किंवा दोन पुरुष दिसले म्हणजे विषय आपोआप मोठ्यांचा. छापील झीनच्या, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या मासिकांच्या, काळात स्लॅश (दोन पुरुषांच्या जोडीच्या गोष्टींचं) झीन मागवायचं तर वयाचा दाखला सही करून द्यावा लागायचा, आत नुसतं एकमेकांकडे बघणं आणि उसासे असले तरी. नंतर वेबवर आलेल्या काही आर्काइव्हजनीही तेच केलं, स्लॅश म्हणजे वरचंच रेटिंग, मजकूर काहीही असो.

एओथ्रीवर मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे की तिथे कोणाचं कोणाशी आहे याचा रकाना वेगळा आणि रेटिंगचा वेगळा. एका रकान्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधायचा नाही. वॉर्निंगचा आणखी तिसरा, त्यात हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू वगैरे सांगता येतं किंवा मी वॉर्निंग देणार नाही असंही स्पष्ट म्हणता येतं. मॅच्युअर, एक्सप्लिसिट किंवा नॉट रेटेड फिक उघडताना मध्ये एक पाटी येते की यात अडल्ट मजकूर असू शकतो, पुढे जायचं का? निर्णय वाचकाचा. रेटिंगने तेवढंच करायचं असतं खरं तर, माहिती द्यायची.

हे सहज सुचलेलं नाही कोणाला, ठेचा खाऊन आलंय. फॅनफिक्शन डॉट नेटने २००२ मध्ये एनसी-१७, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या रेटिंगवाल्या गोष्टी सरसकट बंद केल्या. पुढे २००५ मध्ये जी, पीजी ही सिनेमाची रेटिंगची अक्षरं वापरायलाच सिनेमावाल्यांनी हरकत घेतली म्हणून के, के प्लस, टी, एम आलं, ते अजूनही चालू आहे. मग २००७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगिंग साइटने एका फटक्यात शेकडो अकाउंट्स सस्पेंड केली, प्रोफाइलमधल्या इंटरेस्टच्या यादीत कुठले शब्द आहेत ते बघून, आणि त्यात अत्याचारातून वाचलेल्यांचे सपोर्ट ग्रुपही उडाले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच. पुढे त्यांनी माफी मागून बरीच अकाउंट्स परत चालू केली, पण लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. त्याच वर्षी ओटीडब्ल्यू (ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स) ही एओथ्री चालवणारी संस्था उभी राहिली आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये एओथ्रीचं ओपन बीटा, म्हणजे सगळ्यांसाठी खुली चाचणी आवृत्ती, सुरू झालं.

आणि २०१९ मध्ये याच एओथ्रीला ह्यूगो मिळाला, बेस्ट रिलेटेड वर्क. अख्ख्या आर्काइव्हला, त्यातल्या एक्सप्लिसिटसकट. सायन्स फिक्शनचं एवढं जुनं अवॉर्ड आणि त्यांना चाललं, आणि आपल्या पन्नास एंट्रीच्या अवॉर्डला मात्र सोवळं!

बरं, आयोजकांचीही बाजू आहे आणि ती पोकळ नाही. फॅन्डममध्ये अल्पवयीन मुलंमुली असतात, मत द्यायलाही येतात. ज्या प्लॅटफॉर्मवर अवॉर्ड चालतं त्याचे स्वतःचे नियम असतात, टम्बलरने २०१८ च्या डिसेंबरमध्ये अडल्ट कंटेंट काढला तेव्हा कित्येकांची पंचाईत झालीच होती. आणि जज म्हणून आलेल्या माणसावर नको ते वाचायची सक्ती कशी करणार, तोही फुकटात काम करतोय. सगळं मान्य. पण यातल्या एकाही अडचणीला एंट्रीच नको हे उत्तर नाहीये. जजच्या साइन-अप फॉर्ममध्ये विचारा ना की कुठली रेटिंग्ज वाचणार, कुठल्या वॉर्निंग्ज नको, आणि त्याप्रमाणे वाटप करा, दहा मिनिटांचं काम आहे. मतदानाच्या पानावर प्रत्येक लिंकच्या आधी रेटिंग आणि वॉर्निंग लिहा, नंतर नाही, आधी. मॅच्युअर आणि त्यापुढच्या एंट्रीचं मतदान वेगळ्या फॉर्मवर, अठरा वर्षं पूर्ण असलेल्यांसाठी. वय कोणी खोटं सांगेल? सांगेल की, पण ते आजही सांगतायत.

एक तोडगा मात्र मला अजिबात पटत नाही, तो म्हणजे बेस्ट स्लॅश, बेस्ट फेमस्लॅश (दोन बायकांच्या जोडीचं), बेस्ट मॅच्युअर अशा वेगळ्या कॅटेगरी काढायच्या आणि सर्वसमावेशक झालो म्हणून पाठ थोपटून घ्यायची. मग बेस्ट रोमान्समध्ये कोण उरतं? फक्त मुलगा-मुलगी. मूळ कॅटेगरी त्यांची आणि बाकीच्यांना पंगत बाहेर अंगणात. त्यापेक्षा लांबीवरून कॅटेगरी करा, प्रकारावरून करा, हॉरर, कॉमेडी, एकाच सीनची गोष्ट, पन्नास हजार शब्दांच्या वरची, काहीही, आणि रेटिंग आणि शिप दोन्ही प्रत्येक कॅटेगरीत येऊ देत.

आणि स्क्रीनिंगवाल्यांनी कोणाचं रेटिंग वाढवायचं असेल तर कारण ओळ दाखवून द्यावं, म्हणजे गोष्टीतली नेमकी कुठली ओळ. वाटतं म्हणून नाही. केस विंचरणाऱ्या बायकांच्या एंट्रीला मी शीटमध्ये हेच विचारलं होतं, ओळ कुठली, आणि पुढचे दोन दिवस त्या रकान्यात काहीच आलं नाही, मग ती एंट्री जनरल म्हणूनच पुढे गेली. जिंकली नाही. नखंवालीही नाही, एक हलकीफुलकी बेकरीवाली एयू (पात्रं तीच पण जग वेगळं, अशी गोष्ट) जिंकली, तीही चांगली होती.

नॉट रेटेडचं काय करायचं यावर मात्र त्या ग्रुपमध्ये अजून वाद चालू आहे. माझं मत, लेखकाला मेसेज करून एकदा विचारा, नाहीच सांगितलं तर ती मॅच्युअरच्या फॉर्मवर टाका आणि पुढे चला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की मग नॉट रेटेड या पर्यायाला अर्थच काय राहिला. मुद्दा तसा बिनतोड आहे. कमेंटमध्ये सांगा तुमच्याकडे काय करतात ते.