सतरावी ओळ

रात्रीचे पावणेबारा झालेत. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले.

ग्रामपंचायतीला उभी राहिलेय. काल मारुतीच्या देवळापुढच्या सभेत पंचायतीच्या पट्टीच्या थकबाकीची यादी वाचली. नावं ३८. मी वाचली ३७. सतरावी ओळ आली आणि नजर आपोआप अठराव्या ओळीवर गेली. आपोआप असं लिहिलं, पण तेही खरं नाही. सोळावं नाव वाचतानाच खालचं मला दिसलं होतं.

सभा बरी झाली, असं समजूनच घरी आले होते. बायका शेवटपर्यंत बसल्या, दोघींनी वही मागून घेऊन बघितली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही असं वाटलं.

आज दिवेलागणीला जिजी आल्या. आत आल्याच नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. पदराची गाठ सोडली आणि दिवळीत पैसे मांडले. पाचशेच्या तीन नोटा, शंभराच्या तीन, विसाच्या तीन. घड्या पडून पडून मऊ झालेल्या. "मोज," म्हणाल्या. मी म्हटलं, जिजी, हे मला घेता येणार नाही, पंचायतीत भरा आणि पावती घ्या. तर म्हणाल्या, "भरीन की, उद्याच भरीन. पण माझं नाव का न्हाई घेतलंस? मी काय गावात न्हाई व्हय?"

चहा टाकते म्हटलं. नको म्हणाल्या. जाता जाता मागं वळून बोलल्या, "त्या पोराचं घेतलंस. म्होरंच बसलं हुतं. त्येची मान खाली गेलेली मी बघितली."

तेव्हापासून ती मान माझ्या डोळ्यापुढून हलत नाही.

यादी मी कुणाला खाली बघायला लावायला मागवली नव्हती. गेले पाच महिने वहीत लिहितेय, कुठल्या आळीला नळ किती वाजता आला, किती वेळ टिकला. पाण्यात क्लोरीन आहे का ते कळायला ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकून बघते. टाकीखालच्या नळाला पिवळा रंग येतो. खालच्या आळीतल्या शेवटच्या नळाला पाणी जसंच्या तसं राहतं, म्हणजे तिथवर क्लोरीन पोचतच नाही. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं तोंड उघडं ठेवून ओलीत पडलेलं मी स्वतः बघितलंय. तशा पोत्यातला क्लोरीन उडून जातो, मग पावडर कितीही टाका. विचारायला गेले तर एकच उत्तर, लोक पट्टी भरत नाहीत, नवीन पोतं कुठून आणायचं? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के पाण्यासाठी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेले होते, त्याचं काय, हे विचारलं की सगळे गप्प. म्हणून अर्ज लिहिला, दहा रुपयांचं तिकीट लावलं आणि नमुना ९ची, म्हणजे कर मागणीच्या नोंदवहीची, नक्कल काढली. माहितीचा अधिकार २००५ सालचा. हिशेब पंचायतीनं आपणहून लोकांपुढं मांडायचा, असं त्यात कलम ४मध्ये लिहिलंय, तरी आमच्याकडं एकेका कागदासाठी तीस तीस दिवस वाट बघायची.

नक्कल हातात आल्यावर दोन रात्री बेरजा केल्या. निम्म्याहून जास्त थकबाकी वरच्या तीन नावांची निघाली. तिन्ही घरं पक्की, दारात गाड्या. म्हणजे गरीब पट्टी बुडवतात म्हणून टीसीएल नाही, हे खोटं ठरलं. एवढंच सांगायचं होतं. तीन आकडे सांगून मला खाली बसता आलं असतं.

मग सगळी का वाचली? काहीच लपवत नाही हे दिसावं म्हणून. म्हणजे माझ्यासाठीच ना ते. आणि त्यातही एक लपवलंच.

जिजींची कीव आली म्हणावं, तर सोळाव्या नावाची का आली नाही? तो तर रोजंदारीवर जातो. त्याचे ३,१०० मी खणखणीत आवाजात वाचले. जिजींच्या भावकीत अकरा मतं आहेत. वाचताना ते माझ्या मनात नव्हतं असं आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. होतं असंही खात्रीनं सांगता येत नाही. पाण्याच्या रंगाची तारीखवार नोंद ठेवते मी, पण या एका क्षणाची काही नोंद माझ्याजवळ नाही.

घरात बोलायची सोय नाही. "कागद वाचून कोण निवडून आलंय?" हे जेवताना दोनदा ऐकलं. पलीकडच्या पॅनेलची जेवणं सुरू झालीत आणि आमचे भाऊजीही... असो. संध्याकाळी वाटलं, कशाला उभी राहिले? नळाला हंडा लावावा, पाणी भरावं, गप्प बसावं. पाच महिने पहाटे साडेचारला उठून नोंदी केल्या आणि गावाला आठवणार काय, तर हिनं माणसांची नावं चव्हाट्यावर वाचली. बराच वेळ रडले.

मग दिवळीकडं बघितलं. पैसे जिजींनी गोळा करून नेले होते, विसाची एक नोट तेवढी राहून गेली होती.

जिजी रागावल्या त्या नाव गाळलं म्हणून. पट्टी थकलीय हे चारचौघांत ऐकायची त्यांची तयारी होती. मी सोडून दिलेलं मात्र त्यांना चाललं नाही. मत मागायला जाते तेव्हा बाकी सगळ्यांना मी हेच तर सांगत फिरते, कुणाला सूट नको, कुणावर मेहरबानी नको.

यादी मागं घेणार नाही. पण सभेत वाचायची ती वरची तीन नावं आणि एकूण बेरीज. ज्याला पूर्ण बघायची असेल त्यानं पंचायतीत जाऊन बघावी, तो हक्क प्रत्येकाचा आहे. खालच्या आळीत उद्या संध्याकाळी सात वाजता बसायचंय. सुरुवातीलाच सांगावं लागेल की काल एक ओळ मी गाळली. का गाळली, ते कसं सांगायचं हे अजून जुळत नाही. चार वेळा लिहिलं आणि खोडलं.

त्याआधी त्या पोराच्या घरी जायचं. तो कामावर आठला निघतो. साडेचारला नळाची नोंद, पाणी भरून झालं की तिथं, आणि येताना जिजींची वीसची नोट.