अपडेट ४: हात सुटला, पॅन्ट फाटली

एक्सपल्स (हीरोची ऑफ-रोड बाइक) घेऊन कच्च्या ट्रॅकवरच्या रेसची तयारी चालू आहे. आठ मिनिटं सलग चालवली आणि बोटं शेवटपर्यंत हलती! मागच्या तिन्ही अपडेटमध्ये सहाव्या मिनिटाला आर्म पंप आडवा येत होता, म्हणून आधी तेच.

ज्यांना अजून झालेला नाही त्यांच्यासाठी: मनगटापासून कोपरापर्यंतचा हात दगड होतो, क्लच दाबला की बोटं उघडत नाहीत. आवळून धरलेल्या स्नायूंत रक्त भरतं, वरचं आवरण फारसं ताणत नाही, आत दाब वाढतो. त्यामुळे हँड ग्रिपर कपाटात गेला. ताकद कमी पडत नव्हती, आवळलेली पकड सैल होत नव्हती.

नियम एकच: तोच मुरमाचा लूप, एका वेळी एकच बदल.

हवा: रस्त्यावरच्या २५ पीएसआयवरून पुढे १६, मागे १५. हातातले गचके कमी झाले, पण पंप जागच्या जागी. १२ वर दगडाने ट्यूब चावली. रिम लॉक (टायर रिमला दाबून धरणारा क्लॅम्प) नसेल तर इतक्या खाली जाऊच नका. टायर रिमवर सरकतो, व्हॉल्व्ह तिरका होतो आणि मुळातून उपटतो.

क्लच-ब्रेकच्या लिव्हर: शोरूममधून येतात तशा त्या बसून चालवायला लावलेल्या असतात. पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून मनगट सरळ राहील इतक्या खाली फिरवल्या. क्लॅम्पखाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे दिले आणि बोल्ट जेमतेम कसला, म्हणजे गाडी पडली तर लिव्हर फिरते, तुटत नाही. या बदलाने साधारण मिनिटभर मिळालं. ब्रेकवर एकच बोट. चारही बोटं लिव्हरवर गेली तर हँडल अंगठ्याने आवळलं जातं.

सॅग (चालवणाऱ्याच्या वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते): चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून शेपटीवरच्या खुणेपर्यंत ५८० मिमी, पूर्ण गिअर घालून पेगवर उभं राहिल्यावर ५०६. म्हणजे ७४. एक्सपल्स २००ला मागे १७० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली जायची जागा), त्याचा तिसरा हिस्सा ५५-५७. मागून गाडी इतकी बसली की थ्रॉटल देताना अंग मागे लोंबतं आणि हँडल ओढून धरावं लागतं. प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) चढवून सॅग ६० वर आणला. अजून खाली आणायचा तर स्प्रिंगच बदलावी लागेल, ते या रेससाठी नाही.

खरा चोर मात्र टाकी निघाली. उतारावर ब्रेक मारला की गुडघे गुळगुळीत रंगावरून घसरतात, सगळा भार तळव्यांवर येतो आणि हात आवळले जातात. धूळ बसली की आणखी वाईट. नाना पेठेत नावाजलेल्या कंपनीचे टँक पॅड पाहिले, किंमत बघून बाहेर. मग हार्डवेअरच्या दुकानातली पायऱ्यांवर लावायची काळी खरखरीत पट्टी, टाकी आणि साइड पॅनल दोन्हीवर. पकड जबरदस्त! पण ती पट्टी म्हणजे सँडपेपरच. तिसऱ्या सेशनला पॅन्टची गुडघ्याची आतली बाजू जाळी झाली, नी ब्रेसचं प्लास्टिकही खरवडलं. आता तिथे रेघांची पातळ रबर शीट आहे. चिकटवण्याआधी पृष्ठभाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा (थिनरने रंग उतरू शकतो), कडा गोल कापा, नाहीतर पहिल्याच धुण्यात कोपरे उचलतात.

मानसिक भागाचं थोडक्यात. पहिल्या लॅपला श्वास कोंडला जातो, आणि पंपाची निम्मी सुरुवात तिथेच होते. प्रत्येक लँडिंगला मोठ्याने "हू" करून श्वास सोडायचा. हेल्मेटमध्ये कोण ऐकतंय! स्टार्टला नजर झेंड्यावर नको, पहिल्या वळणाच्या आतल्या कडेवर. ट्रॅक तीनदा चालायचा: एकदा लाइनसाठी, एकदा ब्रेकच्या खुणांसाठी, एकदा उलट दिशेने, कारण उड्यांच्या पलीकडची उतरण आणि चाकोऱ्या तेव्हाच दिसतात.

व्यायामात २ मिनिटं जोरात, १ मिनिट सावकाश, असे ६ फेरे. पाठ आणि पोट जास्त, हात कमी. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संस्था) लायसन्स आणि मेडिकल आधीच उरकलेलं बरं.

उंच हँडलबार घ्यायचं ठरलं होतं. हे लिहितानाच रद्द केलं. त्याने उभं राहणं सोपं होईल, पण लिव्हर आणि सॅगचं सगळं पुन्हा मोजावं लागेल. त्यापेक्षा एक शंका तपासायची आहे: पंप थंड हातांनी सुरुवात केल्यानेच लवकर येतो का? शनिवारी १० मिनिटं हलक्या हाताने फिरून, थोडं थांबून, मग १२ मिनिटांची पूर्ण मोटो (रेसची एक फेरी). रविवारी तेच, वॉर्मअपशिवाय. टायरची हवा दोन्ही दिवशी १६ आणि १५.