पेडर रोडच्या चढाआधी बिघडलेला लाँग रन

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीत एखादा रविवार असा उजाडतोच: लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेला, ठरलेत 32 किलोमीटर आणि 22व्यालाच पायांचे दगड झालेत. अशा वेळी 'जिद्द सोडू नकोस' हा सगळ्यात फुकटचा सल्ला. आधी बिघडलंय काय ते बघायचं.

बहुतेकदा साखर संपलेली असते. ओळखायची खूण म्हणजे चिडचिड होते आणि उरलेल्या किलोमीटरचा साधा हिशेब जमत नाही. स्नायू आणि यकृतातला साठा जोरात धावताना दीड-दोन तासांत तळाला जातो. त्यानंतर खाल्लेलं अंगी लागायला वेळ लागतो, म्हणून भूक लागायची वाट न बघता पहिला घास 40व्या मिनिटाला घ्यायचा. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका एनर्जी जेलच्या पुडीत साधारण 20-25 ग्रॅम असतात, लहान खजुरात 5-6. खजुराच्या बिया आदल्या रात्रीच काढून ठेवाव्यात. धापा टाकत बी थुंकताना ठसका लागतो. चिक्की मात्र धावून झाल्यावर. शेंगदाण्यातलं तेल पोटात रेंगाळतं.

साखर ठीक असेल तर हवा. पहाटे समुद्रावरून वारा येत नाही, तो सुरू होतो ऊन चढल्यावर. दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. नाडी चढत जाते, पेस म्हणजे धावण्याचा वेग तोच ठेवला तरी. मग पेस सोडून द्यायचा: 4 मिनिटं धाव, 1 मिनिट चाल. पाणी मानेवर ओता, पण पुढे वाकून. बुटात गेलं की पुढचे 5 किलोमीटर पचक-पचक आणि शेवटी फोड.

ओआरएसचं पाकीट ज्या मापाचं असेल तेवढ्याच पाण्यात, मोठं असेल तर पूर्ण लिटरमध्ये. कमी पाण्यात घट्ट कालवलं की पोट ढवळतं. किती प्यायचं ते वजनकाटा सांगतो: धावण्याआधी आणि नंतर वजन करा, 1 किलो घटलं म्हणजे साधारण 1 लिटर गेलं. वजन वाढलं असेल तर पाणी जास्त झालंय. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

पोटरीत गोळा आला तर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याला हात टेकून, गुडघा सरळ, टाच जमिनीला, 30 सेकंद. एकाच जागी कळ येऊन चाल लंगडी झाली तर तिथेच थांबा. उन्हात अंगावर काटा, थंडी, बोलण्यात गोंधळ, झोकांड्या: सावली, बर्फाचं पाणी आणि ताबडतोब हॉस्पिटल. इथे जिद्दीचा प्रश्नच नाही.

पेडर रोडचा चढ शर्यतीत परतीच्या वाटेवर, पाय रिकामे झाल्यावर येतो. घड्याळ बघू नका. पावलं आखूड, हात जवळ, नजर 10-15 मीटरवर, आणि श्वास सपाटीवरच्याइतकाच.

सरावात असा दिवस येणारच, म्हणून वरळीपर्यंत सरळ जाऊन अडकण्यापेक्षा नरिमन पॉइंट ते गिरगाव चौपाटी अशा फेऱ्या घ्याव्यात. एका बाजूचं अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, बाटली दर फेरीला हाताशी, घरी परतायला चर्चगेट स्टेशन जवळ. तिकिटापुरते पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा; घामेजल्या बोटाने फोनचं लॉकसुद्धा उघडत नाही.