लाल यादीतले गुरुजी

मागच्या बुधवारचं प्रशिक्षण डोक्यातून जातच नाही म्हणून लिहून राहिली.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात विषय साधन व्यक्ती आहे. शिक्षकांना प्रशिक्षण देणं हे माझं काम, पण वर्षातले निम्मे दिवस लिंक पाठवणं, लिंक भरली का विचारणं आणि न भरणाऱ्यांची यादी करणं यातच जातात. निष्ठा, म्हणजे केंद्र सरकारचं शिक्षक प्रशिक्षण, 2019 ला सुरू झालं तेव्हा समोरासमोर होतं, 2020 पासून दीक्षा या सरकारी शिक्षण अ‍ॅपवर आलं, प्राथमिकला 18 मॉड्यूल, त्यातलं एक तर वर्गात तंत्रज्ञान कसं वापरायचं यावरच. तेव्हापासून ऑनलाइन कोर्स येतच असतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांनाही वर्षाला किमान 50 तास प्रशिक्षण सांगितलं आहे, आणि ते मला पटतं. आमच्या एक्सेलमध्ये मात्र कोर्स झाला की नाव हिरवं, राहिला की लाल, एवढंच.

त्या दिवशी 40 शिक्षक, एक प्रोजेक्टर आणि नेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. सकाळीच लाल नावं वाचून दाखवली. त्यात कोलाम पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, दोनशिक्षकी शाळेचे गुरुजी, मुख्याध्यापकाचा प्रभारही त्यांच्याकडेच, रिटायरमेंटला दोन वर्षं, एकही कोर्स पूर्ण नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "गुरुजी, तुमच्यामुळे आपला तालुका मागं पडून राहिला." ते नुसतं "हो जी" म्हणाले. मागून काही जण हसले, आणि ते सगळे हिरवे. हिरवं कसं होतात ते मला माहीत आहे, व्हिडिओ म्यूट करून मोबाइल चार्जिंगला लावून द्यायचा, चाचणीची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतातच. मी कधी त्यावर बोलली नाही, कारण टक्केवारी माझ्याही नावावर लागते.

साडेअकराला पाऊस आला, लाइट गेली, प्रोजेक्टर बंद. वेळ काढायचा म्हणून विचारलं, वर्गात मोबाइल कसा वापरता ते कोणी दाखवता का. कोणीच उठेना. मग गुरुजी उठले.

तडकलेला फोन, पिशवीत एक छोटा स्पीकर. शाळेची लाइट बिल थकल्यामुळे कापलेली, त्यामुळे स्पीकर घरून चार्ज करून आणतात. पोडावर रेंज नाही, म्हणून शनिवारी बाजाराला आले की एसटी स्टँडवर बसून बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करतात आणि धडे डाउनलोड करून ठेवतात. पुस्तक जुनं होऊन कोड घासला असेल तर त्याच्याखालची सहा अक्षरं दीक्षा अ‍ॅपमध्ये टाइप करायची, हे त्यांनी दाखवलं तेव्हा बऱ्याच हिरव्यांनी पुस्तक उघडून ती अक्षरं खरंच आहेत का ते पाहिलं! पण खरी गोष्ट पुढे. पहिलीची लेकरं घरी कोलामी बोलतात, व्हिडिओतली मराठी त्यांना कळत नाही. गुरुजी थोडंसं वाजवतात, थांबवतात, चौथीतली एक मुलगी तेवढंच कोलामीत सांगते आणि गुरुजी ते रेकॉर्ड करतात. पुस्तकाचं पान नंबर घालून प्रत्येक फाइलला नाव दिलेलं, अशा 64 फाइली. वर्षभरात तयार केलेल्या, कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी पान 12 ची फाइल लावली. बाहेर पाऊस आणि हॉलमध्ये त्या मुलीचा आवाज, मधेच लहान पोरं तिच्यामागे म्हणून राहिलीत. मला एक शब्द कळला नाही पण पोरं अडखळत नव्हती हे कळत होतं.

"मग कोर्स का नाही केला गुरुजी?" मी विचारलं.

"मॅडम, त्या अ‍ॅपले अपडेट मांगते, फोनात जागा नाही. मंग लेकरायचे आवाज काढून टाकू का?"

मला उत्तर देता आलं नाही. सकाळी जे बोलली ते त्याच 40 लोकांसमोर परत घेतलं, "गुरुजी, माझं चुकलं" म्हटलं, तर ते म्हणे राहू द्या ना जी.

दुपारी डेटा केबल लावून 64 च्या 64 फाइली लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, त्यांच्या फोनात जागा झाली, तीन शिक्षकांनी तिथेच पेन ड्राइव्हवर मागून नेल्या. संध्याकाळी रिपोर्ट पाठवायचा होता. त्यात पूर्ण आणि अपूर्ण एवढेच रकाने, तर मी शेऱ्याचा एक रकाना वाढवला आणि गुरुजींचं सगळं काम तीन ओळीत लिहिलं. अर्ध्या तासात वरून फोन, फॉरमॅट बदलू नका, बेरीज बसत नाही. मी वाद घातला, थोडा, पुरेसा नाही. रकाना काढला, यादी पाठवली, नाव लालच गेलं.

पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, पहिला तास गुरुजींचा ठेवायचा म्हणून केंद्रप्रमुखांशी बोलली, ते हो म्हणाले. गुरुजींना फोन केला तर म्हणे येतो, पण त्या चौथीतल्या पोरीले संग आणतो, तिच्याशिवाय मले का येते?

तिच्या आईबाबांना विचारायला शुक्रवारी पोडावर जाते आहे.