साहेबांची बदली आणि आमचा फेरफार

शुक्रवार, रात्री

आज तहसीलला गेलो तर कळलं साहेब बदलले. वर्ष पण नव्हतं झालं. आमच्या वावराची वारसनोंद, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचा फेरफार, हरकतीमुळे अडकलेली, सुनावणी होऊन निकाल राखून ठेवला होता, आता नवीन साहेब येणार, फाईल वाचणार, परत तारीख. बाकावरचे एक बाबा म्हणे, "आते काय भो, परत तारीख ना!" बाहेर टपरीवर चर्चा की गिरणा नदीतले वाळूचे डंपर धरले म्हणून उचलले साहेबांना. खरंखोटं देव जाणे.

भाचा धुळ्याला एमपीएससीचा अभ्यास करतोय, त्याला फोन लावला तर त्याने क्लासच घेतला माझा. म्हणे मामा, 2005 चा बदल्यांचा कायदा आहे महाराष्ट्राचा, एका जागी साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मेमध्येच. मग हे कसं? तर म्हणे कारण लेखी नोंदवून वरची मंजुरी घेतली की अधेमधेही करता येते. म्हणजे कुलूप पण सरकारचं आणि डुप्लिकेट चावी पण सरकारकडेच!

अमेरिकेत म्हणे उलटी गंमत. राष्ट्राध्यक्ष बदलला की चारेक हजार पदांवर त्याची माणसं बसतात, ते उघडच असतं. आधी तर पोस्टमास्तरपण पक्षाचाच असायचा, मग 1881 ला नोकरी न मिळाल्याच्या रागात एकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्डलाच गोळी घातली, तेव्हा कुठे 1883 ला परीक्षा घेऊन भरतीचा कायदा आला. आता ट्रम्पने 2020 मधला स्वतःचाच आदेश, जो बायडेनने रद्द केला होता, तो 2025 ला परत आणला, की धोरणाशी संबंधित पदांवरच्या कायम नोकरांनाही काढणं सोपं व्हावं.

आपल्याकडे काढायची गरजच काय. राज्यघटनेचं कलम 311 आहे, चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही, पगार चालू, पेन्शन चालू, फक्त पोस्टिंग अशी द्यायची की पोरांची शाळा बुडाली पाहिजे. मला विचाराल तर नोकरी जायच्या धाकापेक्षा हा धाक जास्त चालतो, कारण ह्यात तक्रार तरी काय करणार माणूस?

आता मंत्र्याने काही सांगूच नये असं नाही म्हणत मी, मतं आपणच दिलीत, पालकमंत्री जिल्हा नियोजनच्या मीटिंगला बसणार, कलेक्टरला कामं सांगणार, सांगायलाच पाहिजे, नाहीतर साहेबलोक आपल्याला कुठे विचारतात. फक्त कागदावर सांगा ना. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये हेच म्हटलंय, तोंडी आदेश आला तर अधिकाऱ्याने तो लिहून ठेवायचा.

क्लार्कला विचारलं, साहेबांची बदली का झाली हो? म्हणे "वरून." वरून म्हणजे कुठून? तर हसला, म्हणे जेवायची सुट्टी झाली भाऊ, सोमवारी या.