गोंदणाची शाई

आज्जीच्या मनगटावरची तुळस आता नीट ओळखूसुद्धा येत नाही, कडा पसरल्यात, मंजिऱ्या एकमेकीत मिसळल्यात आणि काळ्याचं हिरवट-निळं झालंय. दारावर आलेल्या गोंदणाऱ्या बाईनं काजळी लावून सुईनं टोचलेलं ते. आज्जी म्हणते, सोनंनाणं इथंच राहतंय बघ, गोंदण तेवढं बरोबर येतंय.

येणारच की. वरची कातडी महिना-दीड महिन्यात झडून नवी येते, शाई असते त्याच्या खाली. तिथं मॅक्रोफेज नावाच्या पेशी येऊन ती गिळतात, पण पचत काय नाही, मग तशाच पोटात धरून बसतात. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर टॅटू काढून बघितलं, तर ती पेशी मेली की शाई सांडते आणि नवी पेशी येऊन तीच शाई परत गिळते! थोडी शाई काखेतल्या गाठीपर्यंतपण जाते म्हणे. म्हणजे शेताचा बांध प्रत्येक पिढीत वीतभर सरकावा तसं गोंदणाच्या कडांचं चाललेलं असणार.

भाच्यानं दंडावर राजहंसगड काढून घेतलाय, बुरुजाचा दगड न दगड मोजून घ्यावा इतक्या बारीक रेघा, वर भगवा रंगीत. दिसतोय झकास, पण ह्या रेघा पुढं एकमेकीला चिकटणार आणि ऊन रंगाचे कण फोडत राहणार, आणि हा बाह्या दुमडून दिवसभर बाईकवर. सनस्क्रीन लाव म्हटलं तर "ते पोरींचं असतंय ओ मामा."

टिकते ती काजळीच. आल्प्समधल्या बर्फात गोठून राहिलेलं ओत्झी नावाच्या माणसाचं प्रेत सापडलं, त्याच्या अंगावर गोंदणाच्या 61 खुणा आहेत, सगळ्या साध्या काळ्या रेघा आणि फुल्या, 5000 वर्षांहून जुन्या, अजून दिसतात. (तो 1991 मध्ये नेमका ऑस्ट्रिया-इटलीच्या हद्दीवर सापडला आणि मोजणी केल्यावर नव्वदेक मीटर इटलीत निघाला, सीमेची मोजणी आम्हा बेळगावकरांना काय सांगायची!)

भाच्याच्या दोस्ताला आता हातावर "बेळगाव" लिहून घ्यायचंय, तेपण बारीक अक्षरात. त्याला म्हटलं अक्षर मोठं घे बाबा, ळ ची दोन्ही पोटं सगळ्यात आधी भरतात. कन्नडात लिहून घेणाऱ्यांचं तर अजून अवघड, तिथं सगळीच अक्षरं गोल.